सोमवारी सकाळी पोटात दुखतं: मुलाच्या थेरपीत पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत काय होतं

सोमवारी सकाळी सात वाजता पोटात दुखायला लागतं. रविवारी रात्रीच चेहरा उतरलेला असतो. साडेसातला उलटी होते, रिक्षाकाका खाली हॉर्न वाजवून निघून जातात आणि साडेनऊला तेच मूल पोहे मागून खातं. मग लहान मुलांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू होतात. रक्त-लघवी, सोनोग्राफी, जंतांचं औषध, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टर एका कागदावर नाव लिहून देतात आणि म्हणतात, "एकदा यांना भेटून या." मी मुलांची थेरपिस्ट. तो कागद हातात घेऊन माझ्यासमोर बसलेले कितीतरी आईवडील मी पाहिलेत. कागदावरची तारीख बहुतेक वेळा दोन-तीन महिने जुनी असते.

मधल्या काळात घरात काय झालं असेल ते मला न सांगता कळतं. आजीने दृष्ट काढलेली असते. मामा म्हणालेला असतो, दोन फटके द्या, जाईल शाळेत. आणि आई रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शोधत बसलेली असते: आत नेमकं काय करतात, मुलावर शिक्का बसेल का, किती दिवस लागतील. हा लेख त्या आईसाठी आहे, आणि शेजारी जागेच असणाऱ्या पण काही न बोलणाऱ्या बाबांसाठीही. उदाहरण शेवटपर्यंत एकाच मुलाचं घेतलंय: तिसरीतला, सोमवारी पोट दुखणारा. तो खरा एकच मुलगा नाही. बऱ्याच मुलांचे तुकडे जोडून तो केलाय, म्हणजे कुणाचंच गुपित उघडं पडणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो. पालक मुलाला क्लासला सोडतात तसं थेरपीला सोडायला येतात. एक तास बाहेर थांबायचं, फी द्यायची आणि काही महिन्यांनी निकाल बघायचा. पण आठवड्याचे १६८ तास असतात आणि त्यातला एकच माझ्या वाट्याला येतो. उरलेले तुमच्याकडे असतात.

जायचं की अजून थांबायचं?

भीती, हट्ट, रडणं हे वाढीचाच भाग आहेत. चार वर्षांच्या मुलाला अंधाराची भीती वाटते, त्यासाठी कुणाकडे जायची गरज नसते. पाच वर्षांच्या आत रात्री अंथरुणात शू होणं आजारात धरत नाहीत. मी पालकांना तीन गोष्टी बघायला सांगते. हे किती दिवस चाललंय? महिन्याच्या वर गेलं असेल तर दखल घ्यायची. किती ठिकाणी होतंय? फक्त घरी, फक्त शाळेत, की खेळताना आणि लग्नकार्यातही? आणि यामुळे काय बंद पडलं? झोप, जेवण, मित्र, खेळ, शाळा. हा तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मूल पूर्वी आनंदाने करत असलेली एखादी गोष्ट बंद पडली असेल, तर वाट पाहण्यात फायदा नाही.

त्याआधी शरीराची तपासणी नक्की करून घ्या. डोळे, कान, हिमोग्लोबिन, गरज वाटली तर थायरॉइड. "वर्गात लक्षच नसतं" म्हणून आणलेल्या मुलाला फळ्यावरचं दिसतच नव्हतं, असं घडतं. बोलायला उशीर झालेल्या मुलाची ऐकण्याची तपासणी तर सगळ्यात आधी.

आपल्याच घरात हे आलं, असं वाटून पालक खचतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक त्रास आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार जण धरा.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबायचं नसतं. मूल मरणाची भाषा बोलतंय, स्वतःला इजा करतंय, खाणं जवळपास सोडलंय, किंवा त्याच्याशी कुणी नको ते केल्याची शंका आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात जा. "तुला मरावंसं वाटतं का?" असं स्पष्ट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार भरत नाही. उलट विचारणारं कुणीतरी आहे हे त्याला कळतं. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मूल संकटात असेल तर चाइल्डलाइन, १०९८.

कुणाकडे जायचं

पाट्या अनेक असतात आणि शब्दांचा गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. मनाच्या त्रासावर औषध सहसा तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, ते चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. इथे जरा जपून, कारण हा शब्द पाटीवर लावणं सोपं आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलंय का, मुलांबरोबर किती वर्षं काम केलंय, कुणाच्या देखरेखीखाली शिकलात, हे बिनधास्त विचारा. याशिवाय बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट, हालचाली आणि इंद्रियांच्या अडचणींसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, अभ्यासासाठी विशेष शिक्षक. दोन-तीन वर्षांचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर सुरुवात बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांपासून करा. "मुलगे उशिराच बोलतात" या वाक्यावर एकही वर्ष घालवू नका.

पैशांची अडचण असेल तर सरकारी वाट आधी बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. शून्य ते १८ वयाच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करून गरज असलेल्यांना पुढे पाठवायचं, अशी त्याची रचना आहे. विकासात मागे पडलेल्या लहानग्यांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले आहेत. एवढंच करा की जाण्याआधी फोन करून मानसोपचार विभागाचा वार विचारून घ्या, नाहीतर एक रजा वाया जाते. मुंबईत केईएम, नायर आणि शीव ही पालिकेची रुग्णालयं आहेत. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी आयपीएच संस्था काम करते, मुंबईत २००१ पासून उम्मीद बालविकास केंद्र, पुण्यात ज्ञानप्रबोधिनी. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे आणि १९९६ पासून मुलांसाठी काम करणारी संगाथही. खाजगीत फी शहराप्रमाणे एका सेशनला पाचशे रुपयांपासून अडीच-तीन हजारांपर्यंत जाते. परवडत नसेल तर पहिल्याच फोनवर सांगा. बरेच जण काही जागा कमी फीवर ठेवतात, पण विचारल्याशिवाय त्या कळत नाहीत.

आणि भाषा. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आजोळी मालवणी किंवा अहिराणी अशी कितीतरी मुलं आहेत. रडू कोणत्या भाषेत येतं ते बघा आणि थेरपिस्ट त्या भाषेतला शोधा. परदेशातली मराठी कुटुंबं बरोबर उलट्या पेचात असतात. आईला मराठीत मन मोकळं करायचं असतं, पण मुलाला "घुसमट" हा शब्दच माहीत नसतो. तिथे मुलासाठी स्थानिक भाषेतला थेरपिस्ट आणि आईबाबांसाठी मराठी बोलणारा, असे दोन वेगळे असले तरी चालतं.

जाण्याआधीची तयारी

एक साधी फाइल करा. जन्माच्या वेळचा रुग्णालयाचा कागद, प्रगतिपुस्तकं, आधीचे रिपोर्ट. त्याच्यासोबत दोन वह्या: एक मागच्या वर्षीची आणि एक यंदाची. वही फार बोलते. अक्षर कुठल्या महिन्यात बिघडलं, कुठून पानं कोरी सुटायला लागली, ते तारखेनिशी दिसतं. दोन आठवडे एका कागदावर नोंद ठेवा: काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं आणि नंतर घरच्यांनी काय केलं. आपल्या सोमवारच्या मुलाच्या आईच्या नोंदीत असं निघालं की पोट सोमवारी आणि गुरुवारी दुखतं. त्या दोन दिवशी पहिला तास गणिताचा. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मुलाला काय सांगायचं? खरं, थोडक्यात आणि आदल्या दिवशी. "तुला सकाळी पोटात दुखतं, भीती वाटते, आम्हाला त्याचं काय करायचं ते समजत नाहीये. एक ताई आहेत, त्या मुलांना आणि आईबाबांना यात मदत करतात. तिथे सुई नसते. आपण तिघं जाणार आहोत." इतकं पुरे. "फिरायला चाललोय" असं सांगून आणलेलं मूल दारातच ओळखतं की फसवलंय, आणि पुढची तीन सेशन माझी त्या फसवणुकीची भरपाई करण्यात जातात. "नीट वागला नाहीस तर ताईंना सांगेन" हे तर कधीच म्हणू नका. ताई पोलीस झाली की संपलं.

पहिली भेट

पहिली भेट बहुतेक वेळा फक्त आईवडिलांची असते, एक-दीड तासाची. मुलासमोर त्याच्या तक्रारींची यादी वाचली जाऊ नये, हे त्यामागचं एक कारण. दोघंही या. "यांना सुट्टी मिळत नाही" हे मला कळतं, पण वडील पहिल्या दिवशी आले की पुढचं काम किती सोपं होतं हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. आजी-आजोबा घरात मुलाला सांभाळत असतील तर त्यांनाही एखाद्या भेटीला आणा.

प्रश्न चमत्कारिक वाटतील. गरोदरपण कसं गेलं, मूल कधी चाललं, कधी बोललं, कोण कुठे झोपतं, जेवताना टीव्ही चालू असतो का, घरात कुणाला असाच त्रास होता का, गेल्या वर्षात घर बदललं का, कुणी गेलं का. तुम्हा दोघांत भांडणं होतात का, हेही विचारलं जाईल. तिथे चेहरे कडक होतात. दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी तो प्रश्न नसतो. मूल घराच्या हवेत जगतं आणि ती हवा मला माहीत असायला हवी, एवढंच. लपवलेली गोष्ट पुढे मुलाच्या चित्रात येतेच.

या भेटीच्या शेवटी तुम्हीही तीन प्रश्न विचारा: तुम्हाला सध्या काय वाटतंय, तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करणार आणि सुधारणा झाली हे आपण कशावरून ठरवणार. ध्येय ठोस करून घ्या. "आत्मविश्वास वाढावा" याला अंत नाही. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आठवड्यातले पाच दिवस शाळेत पूर्ण वेळ" हे मोजता येतं.

कधी चाचण्या सुचवल्या जातात. आपल्याकडे बुद्धिमापनासाठी बिने-कामत चाचणी खूप वापरली गेली. व्ही. व्ही. कामत यांनी ती मुळात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली होती. चाचणी दोन-तीन बैठकांत होते. मूल आजारी असेल किंवा झोप झाली नसेल तर दिवस बदलून मागा. वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण आठव्या वर्षानंतरच नीट करता येतं, त्याआधी घाई करू नये. आणि बुद्ध्यंकाचा आकडा नातेवाइकांना सांगत फिरू नका. तो आकडा त्या दिवसाच्या कामगिरीचा असतो, पण घरात तो मुलाचं टोपणनाव होऊन बसतो.

"आज काय केलं?" "पत्ते खेळलो."

हे उत्तर ऐकून बाबांच्या कपाळाला आठी पडते. हजार रुपये पत्त्यांचे?

सेशन ४५-५० मिनिटांचं असतं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर बरंचसं काम पालकांना सोबत घेऊन होतं. सात ते बारा या वयात खेळ, चित्रं, बाहुल्या, माती, गोष्टी. किशोरवयात गप्पा, कधी नुसतं शांत बसणं. मोठी माणसं दुःख बोलून दाखवतात, मुलं ते खेळून दाखवतात. पत्ते खेळताना मला दिसतं की हरायची वेळ आली की हा डाव मोडतो का, नियम बदलतो का, की मला मुद्दाम जिंकू देतो. आपला सोमवारचा मुलगा मला जिंकू द्यायचा. दर वेळी. तिसऱ्या सेशनला मी विचारलं, "तू जिंकलास तर काय होईल?" तो म्हणाला, "तुम्ही ओरडाल." तिथून दार उघडलं.

पहिली तीन-चार सेशन ओळख, विश्वास आणि भावनांना नावं देण्यात जातात. या काळात घरी फरक दिसणार नाही. उलट कधी त्रास वाढल्यासारखा वाटतो, कारण दाबून ठेवलेलं वर यायला लागतं. सर्वांत जास्त पालक याच टप्प्यावर सोडून जातात आणि मला त्याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

मग खरं काम. भीतीचं गणित असं: शाळेची वेळ झाली की भीती वाढते, पोट दुखतं. पोट खरंच दुखतं, ते नाटक नसतं. घाबरल्यावर शरीर पळण्याची तयारी करतं आणि पचनाचं काम बाजूला ठेवतं. आई म्हणते, राहू दे आज. त्या क्षणी सुटकेचा केवढा मोठा श्वास! तोच श्वास मेंदूला शिकवतो की घरी राहिलास म्हणून वाचलास. उद्या भीती थोडी मोठी होऊन येते. म्हणून प्रेमाने दिलेली प्रत्येक सुट्टी भीतीला खाऊ घालते. आणि फरफटत नेऊन वर्गात टाकलं तर भीती बरोबर होती, असं मुलाला वाटतं. दोन्हींच्या मधली वाट म्हणजे पायऱ्या.

आम्ही एक कागद घेतो आणि त्यावर शिडी काढतो. कोणत्या गोष्टीची किती भीती, हे मूल स्वतः दहापैकी गुण देऊन ठरवतं. या मुलाची शिडी अशी होती. रविवारी संध्याकाळी दप्तर भरून दारात ठेवणं, दोन गुण. गणवेश घालून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाऊन परत येणं, तीन. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बाबांबरोबर पाच मिनिटं बसणं, चार. वर्गशिक्षिकेला मधल्या सुट्टीत भेटणं, पाच. शेवटचे दोन तास बसणं, सहा. मधल्या सुट्टीपासून सुटेपर्यंत, सात. गणिताचा तास सोडून पूर्ण दिवस, आठ. गणिताचा तास, नऊ. गणिताच्या तासाला हात वर करून "कळलं नाही" म्हणणं, दहा. शेवटची पायरी त्याने स्वतः लिहिली. एक पायरी पुन्हापुन्हा, भीती निम्म्यावर येईपर्यंत करायची, मगच पुढची. भीती पळवून लावायची नसते. ती सोबत असतानाही आपण बसू शकतो, आणि थोड्या वेळाने ती आपोआप उतरते, हे शरीराला अनुभवानेच कळतं. समजावून सांगून कळत नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर तो दोन पायऱ्या खाली आला. असं होतंच. पुन्हा पाचपासून सुरुवात केली, या वेळी चार दिवसांत वर.

मुलाने आत काय सांगितलं ते मला का सांगत नाही?

कारण सांगितलं तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही. मी पालकांना दिशा सांगते: काय जमतंय, कशाची भीती आहे, घरी काय करायचं. वाक्यं सांगत नाही. मुलाला पहिल्याच दिवशी नियम समजावते. इथलं इथेच राहतं, तीन गोष्टी सोडून: तू स्वतःला इजा करणार असशील, तू कुणाला इजा करणार असशील किंवा तुला कुणी इजा करत असेल. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते कुणाच्या मर्जीवर नाही, आणि ते असंच असायला हवं.

सेशननंतर स्कूटरवर "काय विचारलं? तू काय सांगितलंस? माझ्याबद्दल काही बोललास का?" असं सुरू करू नका. "भूक लागलीय का?" विचारा. सांगायचं असेल तर मूल तीन दिवसांनी, दिवे बंद केल्यावर, आपणहून सांगेल.

घरचं काम

इथे मी सर्वांत जास्त आग्रही आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात मुलांच्या भीतीवर 'स्पेस' नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात थेरपिस्ट मुलाला भेटतच नाही, फक्त आईवडिलांबरोबर काम करतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीचा परिणाम मुलांबरोबर थेट केलेल्या थेरपीच्या तोडीचा निघाला. पालक बदलले की भीतीचं खतपाणी बंद होतं.

म्हणजे काय करायचं? दोन वाक्यं एकत्र शिकायची. पहिलं: "तुला खरंच भीती वाटतेय, मला दिसतंय." दुसरं: "आणि तुला हे जमेल, मी सोबत आहे." नुसतं पहिलं म्हटलं की लाड होतात, नुसतं दुसरं म्हटलं की भाषण. सकाळी पोट दुखलं तर "कुठे दुखतं, किती दुखतं" ही उलटतपासणी पाच वेळा करायची नाही. एकदा जवळ घ्यायचं आणि आजची पायरी कोणती ते विचारायचं. घरी राहिलाच तर दिवस कंटाळवाणा असू द्या: मोबाइल नाही, टीव्ही नाही, आजीकडून लाडू नाहीत. ही शिक्षा नव्हे. शाळेच्या वेळेत घर शाळेपेक्षा गोड लागू नये, इतकाच हेतू.

रोज १५ मिनिटं मुलाची. तो ठरवेल तो खेळ, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत. या वेळात शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चूक काढायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात बहुतेक बाबा चौथ्या मिनिटाला "हा रंग कोणता?" असं विचारतातच. कौतुक नेमकं करा. "हुशार आहेस" यापेक्षा "पोट दुखत असताना तू फाटकापर्यंत चालत गेलास" हे मुलाच्या जास्त कामाचं.

घरातली सगळी मोठी माणसं एकाच बाजूला हवीत. आई पायरी चढवतेय आणि आजोबा "असू दे गं, लेकरू सुकलंय" म्हणत दप्तर काढून घेतायत, तर मुलाला दोन घरं दिसतात. आजोबांना टोकू नका, त्यांना काम द्या. आमच्या या मुलाला फाटकापर्यंत न्यायचं काम आजोबांनीच केलं, आणि बाबांपेक्षा चांगलं केलं. भावंडांकडेही लक्ष असू द्या. मोठी बहीण गप्प राहून सगळं बघत असते. तिलाही तिची १५ मिनिटं हवीत.

शाळेशी कसं बोलायचं

मुख्याध्यापकांच्या केबिनपेक्षा वर्गशिक्षिकेपासून सुरुवात करा. सगळा इतिहास सांगायची गरज नाही. "त्याला सकाळी भीतीचा त्रास होतो, उपचार चालू आहेत, तुमची या तीन गोष्टींत मदत हवी" एवढं पुरतं. उशिरा आला तर सगळ्यांसमोर कारण विचारू नका, फार घाबरला तर पाच मिनिटं पाणी प्यायला जाऊ द्या, आल्यावर एखादं छोटं काम द्या. आमच्या मुलाला फळा पुसायचं काम मिळालं. त्याने पहिल्या तासाचं अर्धं ओझं हलकं केलं. मुलाची भीती एखाद्या शिक्षकाच्या मारामुळे किंवा अपमानामुळे असेल, तर शिडी नंतर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. खऱ्या धोक्याची सवय मुलाला लावायची नसते, तो धोका मोठ्यांनी दूर करायचा असतो.

अध्ययन अक्षमता निघाली तर अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) दोन्ही आहेत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी दहावीच्या वर्षाची वाट पाहू नका. रांगा मोठ्या असतात.

औषध

सगळ्या मुलांना लागत नाही. लागलं तर ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. तीव्र भीती, नैराश्य, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा कराव्या लागणं) किंवा सहा वर्षांपुढचं तीव्र अतिचंचलपण असेल तर औषधाने मूल थेरपीचा उपयोग करून घेण्याइतकं स्थिर होतं. दुष्परिणाम विचारा, लिहून घ्या. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

किती दिवस, आणि कधी बदलायचं?

भीतीसाठी आठवड्याला एक याप्रमाणे साधारण १२ ते १६ सेशन धरा. स्वमग्नता किंवा विकासातल्या अडचणी असतील तर काम वर्षांचं असतं आणि ते मुलाच्या वाढीबरोबर बदलत जातं. सहा-आठ सेशननंतर बसून आढावा घ्या. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टला सरळ विचारा. पद्धत बदलेल, दुसरं मत घेता येईल. थेरपिस्ट बदलणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

काही ठिकाणांहून मात्र लगेच उठा. "शंभर टक्के बरा करतो" अशी हमी. पालकांना भेटायलाच नकार. मुलाला मारणं, बांधणं, अंधारात बसवणं. सगळ्याचं खापर आईच्या नोकरीवर फोडणं. आणि स्वमग्नता मुळापासून घालवणारे महागडे उपाय: स्टेम सेल उपचारांची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय. त्यासाठी जमीन विकायला निघालेल्या बापाचा हात धरून मी त्याला थांबवलंय. त्या पैशांत वर्षानुवर्षांची स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी होते.

शेवटची सेशन

थेरपी एकदम थांबवायची नसते. आठवड्याचं सेशन पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर. मुलाला दोन-तीन भेटी आधी सांगायचं की आता निरोप घ्यायचाय. काही मुलांचं पोट त्या आठवड्यात पुन्हा दुखतं. तेही आम्ही बोलून घेतो. पैसे संपले किंवा बदली झाली तरी एक शेवटची भेट मागून घ्या. काल होती ती ताई आज गायब, असं मुलाला वाटू नये.

आपल्या मुलाने शेवटच्या दिवशी मला पत्त्यांत हरवलं, पहिल्यांदा. मग शिडीचा कागद मागितला. मी तो त्याला दिला आणि आईला सांगितलं, कपाटात नीट ठेवा. जूनमध्ये चौथी सुरू होईल, नवा वर्ग, नव्या बाई. मेच्या शेवटच्या आठवड्यात कागद काढा, दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा, आजोबांना बरोबर घ्या. शाळा उघडण्याआधी फाटकापर्यंत तीन फेऱ्या व्हायला हव्यात. आणि एक सेशन जूनच्या दुसऱ्या आठवड्यासाठी आत्ताच लिहून ठेवलंय. गरज पडली नाही तर आदल्या दिवशी फोन करून रद्द करा.